एलीची खुर्ची

शिलोच्या अंगणात मांस रटरटतंय. एफ्राईमच्या डोंगराळ मुलखातला एक शेतकरी वर्षाकाठी एकदा बायकामुलांना घेऊन इथे येतो. कळपातलं निवडून आणलेलं जनावर त्याने देवाला वाहिलं आहे. आता चरबी वेदीवर जळेल, याजकाचा ठरलेला वाटा याजकाला जाईल आणि उरलेलं मांस सगळं घर देवासमोर बसून जेवेल. मुलं कधीची पातेल्याभोवती घुटमळताहेत. तेवढ्यात याजकाचा गडी येतो. त्याच्या हातात तीन दातांचा काटा असतो. तो काटा सरळ पातेल्यात खुपसतो आणि जेवढं मांस अडकून वर येईल तेवढं घेऊन चालू लागतो.

बायबलमधल्या एका फार मोठ्या न्यायनिवाड्याची सुरुवात या काट्यापासून होते.

धर्माच्या गादीवर बसलेली माणसंच भ्रष्ट झाली तर देव काय करतो, हा प्रश्न कुठल्याही ख्रिस्ती मंडळीत आज ना उद्या निघतोच. कोणी म्हणतं, थांबा, वीज पडेल त्यांच्यावर. कोणी म्हणतं, कसली वीज, हे लोक तर मजेत आहेत. जुन्या करारातल्या १ शमुवेल या पुस्तकाचे पहिले सहा अध्याय या दोघांपेक्षा वेगळं काही सांगतात. इसवी सनापूर्वी अकराव्या शतकातली ही गोष्ट आहे. इस्राएलात अजून राजा नव्हता, यरुशलेमचं मंदिर नव्हतं. कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, शिलोला होता आणि तिथला मुख्य याजक होता एली. (कोकणातले बेने इस्रायली ज्यू ज्याच्या नावाने मलिदा करतात आणि ज्याची आठवण अलिबागजवळच्या खंडाळ्याला जपतात, तो एलियाहू हन्नाबी वेगळा. तो एलीया संदेष्टा, या एलीच्या कितीतरी पुढचा.) एलीचे दोन मुलगे, हफनी आणि फिनहास, प्रत्यक्ष याजकपण करत होते.

त्यांचा गुन्हा नेमका कळायचा तर थोडं नियमांत शिरावं लागतं. याजक ज्या वंशातले त्या लेवी वंशाला जमिनीचा वाटा मिळाला नव्हता, त्यामुळे याजकाचं पोट अर्पणांवरच चालायचं. लेवीय पुस्तकाच्या सातव्या अध्यायात वाटणी ठरवून दिली आहे. शांत्यर्पणाच्या, म्हणजे घरच्यांनी देवासमोर बसून खायच्या अर्पणाच्या पशूचा ऊर अहरोनाच्या वंशाला, म्हणजे सगळ्या याजकांना, आणि उजवी मांडी ते अर्पण करणाऱ्या याजकाला. चरबी मात्र सगळी परमेश्वराची; ती कोणीच खायची नाही, वेदीवर जाळायची. बाकी सगळं, ज्याने पशू आणला त्याच्या घराचं. म्हणजे याजकाने अर्पणातून खाणं हा दोष नव्हताच, तो त्याचा हक्काचा घास होता. आजही पाळकाला मानधन का द्यायचं म्हणून कुरकुरणारे लोक शिलोचा हा संदर्भ पुढे करतात. तो त्यांच्या कामाचा नाही.

शिलोला बिघडलं ते वेगळंच. ऊर आणि मांडी ठरलेली असताना काट्याला येईल ते घेणं, हा झाला पहिला भाग. पुढे तर शिजायचीही वाट बघेनात. गडी येऊन सांगायचा, साहेबांना शिजवलेलं चालत नाही, भाजायला कच्चंच द्या. चरबी अजून जळालेलीसुद्धा नसायची. देवाचा वाटा निघायच्या आत याजकाचा वाटा निघायला लागला.

यावर तो साधा माणूस काय म्हणतो ते बघण्यासारखं आहे. ‘आधी चरबी तेवढी जळू दे, मग तुला हवं तेवढं घे,’ असं तो म्हणतो. हवं तेवढं! याजकाने जास्त नेलं तरी त्याची तक्रार नाही, स्वतःच्या मुलांच्या ताटातलंही तो द्यायला तयार आहे. फक्त देवाचं आधी होऊ दे, एवढंच त्याचं म्हणणं. शिलोच्या अंगणात नियम ठाऊक असलेला माणूस हा होता, आणि त्याला उत्तर मिळायचं: ‘नाही, आत्ताच दे, नाहीतर जबरदस्तीने नेईन.’ शास्त्र सांगतं की परमेश्वराच्या दृष्टीने हे पाप फार मोठं होतं, कारण अर्पणाची किंमतच राहिली नाही.

दुसरा आरोप आपल्याला जास्त धक्का देणारा आहे. दर्शनमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांशी हे दोघे कुकर्म करत, असं दुसऱ्या अध्यायात आहे. या वाक्याला गमतीशीर इतिहास आहे. मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहेत सापडलेल्या शमुवेलाच्या एका प्राचीन प्रतीत ते नाही. आणि ज्यूंच्या ताल्मूद या ग्रंथात एका रब्बीच्या नावे असं मत नोंदवलं आहे की एलीच्या मुलांनी ते पाप केलं असं म्हणणारा चुकतो. त्या रब्बीच्या मते मुलांनी बाळंतपणानंतरच्या शुद्धीसाठी आलेल्या बायकांची पक्ष्यांची अर्पणं रेंगाळत ठेवली, बायकांना घरी परतायला उशीर झाला, आणि शास्त्राने तेवढ्यालाच एवढं मोठं नाव दिलं. वाचताना मला दरवेळी वाटतं की हे पांघरूण घालणं आपल्या ओळखीचं आहे. आरोप स्त्रियांशी संबंधित असला की ‘तसं काही नव्हतं हो, गैरसमज झाला’ म्हणणारा कोणी ना कोणी निघतोच, आणि तो बहुतेक वेळा वाईट माणूस नसतो, धर्माची अब्रू सांभाळत असतो. पण समजा ते वाक्य बाजूला ठेवलं तरी खटला उभाच राहतो. पातेल्यातला काटा सगळ्या प्रतींत आहे.

आता एलीकडे येऊ, कारण ही गोष्ट खरी त्याची आहे.

एली दुष्ट नव्हता. हन्ना नावाची मूल नसलेली बाई शिलोला येऊन ओठ हलवत, आवाज न करता रडत प्रार्थना करते, तेव्हा तो दाराच्या खांबाशी आपल्या आसनावर बसलेला असतो. त्याला वाटतं ही प्यायलेली आहे, आणि तो तिला झापतो. ती म्हणते, मला बलियालाची मुलगी समजू नका, महाराज, मी दुःखाने बोलते आहे. बलियाल म्हणजे नीचपणा, नालायकी. पुढच्याच अध्यायात मूळ हिब्रूत हाच शब्द परत येतो: एलीचे मुलगे बलियालाचे पुत्र होते, परमेश्वराला ओळखत नव्हते. चांगल्या बाईकडे बघून म्हाताऱ्याला जे दिसलं ते त्याच्या स्वतःच्या घरात होतं. तरी चूक कळताच त्याने शब्द मागे घेतला, हन्नाला आशीर्वाद दिला, आणि तो आशीर्वाद फळलाही. तिला मुलगा झाला, तो शमुवेल, आणि तिने तो याच एलीच्या हाताखाली शिलोला ठेवला.

मुलांच्या कारभाराच्या गोष्टी एलीच्या कानावर आल्या होत्या. कुठून? ‘सगळ्या लोकांकडून,’ असं तो स्वतःच म्हणतो. म्हणजे लोक बोलत होते, गप्प नव्हते. एलीने मुलांना बोलावून कानउघाडणीही केली. माणसाने माणसाचा अपराध केला तर देव मध्ये पडेल, पण परमेश्वराचाच अपराध केला तर मध्यस्थी कोण करणार, असं तो म्हणाला. हे बोलणं तर खरंच खोल आहे. पण तेवढंच. एली मुख्य याजक होता, न्यायाधीशही होता. चाळीस वर्षं त्याने इस्राएलाचा न्याय केला. ‘उद्यापासून वेदीपाशी यायचं नाही’ एवढं एक वाक्य त्याच्या हातात होतं. ते त्याने उच्चारलं नाही. पुढे देव शमुवेलाला जे कारण सांगतो ते हेच: मुलं काय करतात हे त्याला ठाऊक होतं आणि त्याने त्यांना आवरलं नाही.

मग एक दिवस देवाचा एक माणूस एलीकडे येतो. त्याचं नावही पुस्तक देत नाही. तो विचारतो, तू माझ्यापेक्षा तुझ्या मुलांना जास्त मान का देतोस, आणि माझ्या लोकांच्या अर्पणातले उत्तम भाग खाऊन तुम्ही पुष्ट का झालात? ‘तुम्ही’ म्हणतो तो, फक्त ‘ते’ नाही. काट्याने उचललेलं मांस संध्याकाळी कोणाच्या ताटात येत होतं, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. एलीने चोरी केली नाही. त्याने जेवण नाकारलं नाही, एवढंच.

इथे हिब्रू भाषेतली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि ती मराठी माणसाला इंग्रजी वाचणाऱ्यापेक्षा लवकर कळते. हिब्रूत ‘कावेद’ म्हणजे जड आणि त्याच धातूपासून ‘कावोद’ म्हणजे गौरव, प्रतिष्ठा. आपल्याकडेही असंच आहे. संस्कृतात ‘गुरु’ म्हणजे जड, त्यावरून ‘गौरव’. आपण अजूनही म्हणतो की त्या माणसाचं गावात वजन आहे, आणि उलट वागणाऱ्याला म्हणतो हलका. शमुवेलाचं पुस्तक याच शब्दावर सगळा निवाडा विणतं. देवाच्या माणसाचं मुख्य वाक्य असं: जे मला वजन देतात त्यांना मी वजन देईन, जे मला तुच्छ लेखतात ते हलके ठरतील. पुढे एली मरतो तेव्हा कथा सांगणारा म्हणतो की तो म्हातारा होता आणि अंगाने जड होता. मूळ शब्द कावेद. देवाच्या वाट्यातलं खाऊन त्या घराचं वजन वाढलं होतं, ते भलत्या जागी.

शिक्षा काय सांगितली? दोघे मुलगे एकाच दिवशी मरतील. घराण्याची शक्ती मोडेल. देव स्वतःसाठी दुसरा विश्वासू याजक उभा करील. आणि शेवटचं फार बोचरं आहे: उरलेले वंशज त्या नव्या याजकापुढे येऊन एका चांदीच्या नाण्यासाठी, एका भाकरीसाठी वाकतील, ‘मला याजकपणाचं कुठलंतरी काम द्या हो, भाकरीचा तुकडा तरी मिळेल’ म्हणतील. ज्या पोटासाठी सगळं केलं त्याच पोटापाशी निवाडा येऊन थांबतो.

यात एक अवघड वाक्य आहे आणि ते टाळून पुढे जाणं बरोबर नाही. मुलांनी बापाचं ऐकलं नाही, ‘कारण परमेश्वराने त्यांना मारायचं ठरवलं होतं.’ मग दोष कोणाचा? देवानेच कान बंद केले तर? मला यातून कळतं ते असं. हे वाक्य गोष्टीच्या सुरुवातीला येत नाही. काटा, धमकी, स्त्रिया, लोकांच्या तक्रारी, बापाचं बोलणं, हे सगळं होऊन गेल्यावर येतं. बायबलमध्ये इजिप्तच्या राजाचं, फारोचंही असंच आहे; आधी तो स्वतः मन कठीण करतो, मग देव ते कठीण करतो. माणूस वर्षानुवर्षं एकाच दिशेने चालत राहिला की एक वेळ अशी येते की परत फिरायची इच्छाच देव त्याच्याकडून काढून घेतो. ही कल्पना भयानक आहे, आणि ती सौम्य करून सांगितली की हातातून निसटते.

शमुवेलाला रात्री हाक येते ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. आमच्या शब्बाथ शाळेतल्या बाई ती फार रंगवून सांगायच्या. तीनदा हाक, तीनदा मुलगा एलीकडे धावतो, चौथ्यांदा म्हणतो, ‘बोल, तुझा दास ऐकत आहे.’ इथे बाई थांबायच्या आणि आम्हाला गाणं म्हणायला लावायच्या. देव पुढे काय बोलला ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मोठेपणी स्वतः वाचलं तेव्हा कळलं: देवाने त्या पोराला त्याच्याच म्हाताऱ्या गुरूच्या घराण्याचा नाश सांगितला. मुलगा सकाळपर्यंत पडून राहिला, उठून मंदिराची दारं उघडली आणि सांगायला घाबरला. एलीनेच शपथ घालून त्याच्याकडून ते काढून घेतलं आणि म्हणाला, ‘तो परमेश्वर आहे, त्याला बरं वाटेल ते तो करो.’

हे उत्तर श्रद्धेचं म्हणून पुष्कळ प्रवचनांत वाखाणलं जातं. मला तसं वाटत नाही. त्या सकाळी मुलगे जिवंत होते, काटा चालू होता, आणि एली मुख्य याजक होता. निनवे शहराला चाळीस दिवसांत नाश होणार असं सांगितलं तेव्हा तिथला राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसला आणि नाश टळला. एली आसनावरून उतरला नाही. कथेत तो पुन्हा पुन्हा बसलेलाच भेटतो: हन्ना येते तेव्हा दाराशी बसलेला, रणातली बातमी येते तेव्हा रस्त्याकडेला बसलेला, आणि मरतो तो त्याच आसनावरून मागे पडून. देवावर सोडणं आणि देवावर ढकलणं यांत फरक आहे, आणि दोन्ही वेळा तोंडातून निघणारं वाक्य एकच असतं.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. एवढा मोठा निवाडा कोणाच्या तोंडून आला? एका निनावी माणसाच्या आणि एका अंगणातल्या पोराच्या. आपल्याकडे पाळकाच्या हिशेबाबद्दल कोणी प्रश्न विचारला की ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका’ हे वचन तोंडावर मारलं जातं. ते वचन १०५ व्या स्तोत्रात आहे, आणि तिथे ‘अभिषिक्त’ कोण? अब्राहाम, इसहाक, याकोब. स्वतःची जमीन नसलेले, मुलुखामुलुखांतून फिरणारे मूठभर परदेशी. आणि ताकीद कोणाला? राजांना. म्हणजे बळवंतांपासून दुबळ्यांना वाचवणारं ते वचन आहे. गादीवरच्या माणसाने ते ढालीसारखं धरणं म्हणजे तोच काटा, फक्त वचनाचा. नव्या करारात प्रेषित पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, रीत सांगतो तीही सरळ आहे: मंडळीच्या वडिलावर, म्हणजे पुढाऱ्यावर, आरोप असेल तर दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नकोस, आणि पाप करतच राहणाऱ्याला सगळ्यांसमोर दोष दे. कुजबुजीवर कोणाला उडवायचं नाही आणि सिद्ध झालं तर मागच्या खोलीत मिटवायचंही नाही.

पुढे युद्ध होतं. पलिष्टी या शेजारच्या शत्रूंशी अफेकपाशी गाठ पडते आणि इस्राएलाचे सुमारे ४,००० लोक पडतात. वडील मंडळी बसून विचार करतात की परमेश्वराने आज आपला पराभव का होऊ दिला. प्रश्न एकदम बरोबर! उत्तर मात्र शोधत नाहीत. लगेच ठरवतात की शिलोहून कोश आणू, तो आपल्याला वाचवील. कोशाबरोबर हफनी आणि फिनहास छावणीत येतात. जमीन हादरेल एवढा जयघोष होतो. आणि दुसऱ्या लढाईत ३०,००० पायदळ पडतं, कोश शत्रूच्या हाती जातो, दोघे भाऊ त्याच दिवशी मरतात.

सामान्य विश्वासणाऱ्यासाठी या गोष्टीतला सगळ्यात अवघड भाग मला हा वाटतो. आपण शिलोच्या गोष्टीत स्वतःला त्या पातेल्यापाशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या जागी ठेवतो, लुबाडलेला, भोळा. ते खरंही असतं. पण कोश ताईतासारखा रणात न्यायची कल्पना याजकांची नव्हती, लोकांच्या वडीलधाऱ्यांची होती, आणि जयघोष सगळ्यांचा होता. त्या दोघांची कीर्ती सगळ्यांना ठाऊक होती, तरी त्यांना कोशाजवळ उभं करायला कोणालाच काही वाटलं नाही. चमत्कार हवा असला की आणणाऱ्याचे हात कसे आहेत ते बघायला फुरसत नसते. यहेज्केल संदेष्ट्याने पुढे भ्रष्ट मेंढपाळांवर अख्खा चौतिसावा अध्याय लिहिला. ‘तुम्ही चरबी खाता, लोकर पांघरता, मेंढरं मात्र चारत नाही,’ असं त्यांना सुनावलं. पण त्याच अध्यायात देव म्हणतो की मी लठ्ठ मेंढरू आणि रोड मेंढरू यांच्यातही न्याय करीन, कारण तुम्हीही खांद्याने ढकलता, शिंगांनी ढुशा देता आणि स्वतः पिऊन झाल्यावर पाणी गढूळ करता. मेंढपाळांना शिव्या देताना तिथपर्यंत वाचत जायचं आपल्याला सुचत नाही.

त्याच दिवशी एक बन्यामीनी माणूस कपडे फाटलेले, डोक्यात माती, असा धावत शिलोला येतो. एली ९८ वर्षांचा आहे, डोळे गेलेले. निरोप्या एकेक सांगत जातो: इस्राएल पळालं, फार लोक मेले, तुझे दोघे मुलगे मेले. एली इथवर बसलेला आहे. ‘देवाचा कोश गेला’ हे शब्द आले आणि तो आसनावरून मागे पडला, मान मोडून मेला. एलीवर मी वर बरंच कडक बोललो, पण इथे थांबावंसं वाटतं. मुलांच्या मरणाने न कोसळलेला म्हातारा कोशाच्या बातमीने कोसळतो. त्याचं प्रेम खरं होतं. ते चाळीस वर्षांत कामाला आलं नाही.

फिनहासच्या बायकोला त्या बातमीने कळा येतात. मरता मरता ती मुलाचं नाव ठेवते ईखाबोद. ‘कावोद कुठे?’ गौरव गेलं. तोच शब्द.

आणि जड गेलं कुठे? पलिष्ट्यांनी कोश अश्दोदला आपल्या दागोन देवाच्या देवळात ठेवला. सकाळी दागोन पालथा. दुसऱ्या सकाळी मुंडकं आणि हात उंबऱ्यावर तुटून पडलेले. मग पुस्तक म्हणतं, परमेश्वराचा हात अश्दोदकरांवर जड झाला. कावेद. गळवांची साथ पसरली. सात महिन्यांनी पलिष्ट्यांचे पुजारीच आपल्या लोकांना सांगतात की इस्राएलाच्या देवाला गौरव द्या, म्हणजे कदाचित तो आपला हात हलका करील. शिलोच्या याजकांना जे दोन शब्द कळले नाहीत ते पलिष्ट्यांच्या पुजाऱ्यांना कळले. लेखकाचा हा उपरोध फार जुना आहे आणि अजून धारदार आहे. या सगळ्यात देवाला वाचवायला मात्र कोणी गेलं नव्हतं. आपल्या मंडळीतलं प्रकरण बाहेर आलं तर देवाच्या नावाला बट्टा लागेल म्हणून ते झाकणाऱ्यांनी कोशाचे हे सात महिने वाचावेत.

निवाड्याचा उरलेला भाग सावकाश आला, पिढ्या घेत. शिलोचं काय झालं ते १ शमुवेल सांगत नाही. कोश परत आला तोही तिथे गेला नाही, किर्याथ-यारीमला राहिला. शिलोची टेकडी यरुशलेमच्या उत्तरेला सुमारे ३० किलोमीटरवर आहे. इस्राएल फिंकेलस्टाईन या पुरातत्त्वज्ञाने १९८१ ते १९८४ या काळात तिथे उत्खनन केलं तेव्हा त्याच काळातली घरं, साठवणीचे मोठे रांजण आणि आगीत सगळं कोसळल्याचा थर सापडला. एलीचे वंशज पुढे नोब या गावी दिसतात. पुढे राजा झालेल्या दावीदाला भाकरी दिली म्हणून शौल राजाने तिथले ८५ याजक आणि गावातली बायकामुलंही कापून काढायला लावली. त्याच्या शिपायांनी याजकांवर हात टाकायला नकार दिला. ते काम दवेग नावाच्या अदोमी माणसाने केलं. काही जण हेही ‘शाप फळला’ म्हणून मोकळे होतात. पुस्तक तिथे तसं म्हणत नाही. ते शौलाचं पाप म्हणूनच सांगतं. वाचलेला अब्याथार दावीदाबरोबर राहिला, आणि शेवटी दावीदाचा मुलगा शलमोन राजाने त्याला याजकपदावरून काढून अनाथोथला शेतावर पाठवलं. इथे मात्र शास्त्र स्पष्ट लिहितं की शिलोत एलीच्या घराविषयी बोललेलं वचन असं पुरं झालं. वीज पडली नाही. एका माणसाला पदावरून उतरवून गावी पाठवलं. एलीने जे आपल्या मुलांचं करायला हवं होतं तेच, शंभर वर्षं उशिरा.

म्हणूनच एखाद्या पाळकाच्या घरी आजारपण आलं, गाडीचा अपघात झाला की ‘बघा, देवाने दाखवलं’ म्हणणाऱ्यांपासून मी लांब राहतो. येशूला असंच विचारलं गेलं तेव्हा त्याने शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या १८ जणांचं उदाहरण दिलं: ते यरुशलेमातल्या इतरांपेक्षा जास्त पापी होते का? नाही. निवाडा ओळखायला वचन लागतं, बातमी पुरत नाही.

आणि ज्यांची लग्नं, बाप्तिस्मे अशा माणसाच्या हातून झाले त्यांचं काय? हा प्रश्न चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेच्या मंडळीत निघाला, आणि त्यावरून ती मंडळी फुटली. छळाच्या काळात ज्यांनी पवित्र ग्रंथ सरकारच्या हवाली केले अशा बिशपांच्या हातचे विधी चालणार नाहीत, असं दोनातीस्त नावाच्या गटाचं म्हणणं होतं. तिथल्याच ऑगस्टिन या बिशपाने उत्तर दिलं की विधी ख्रिस्ताचा असतो, देणाऱ्याचा नसतो. शिलोच्या अंगणात हे आधीच घडलं होतं. हन्ना आणि तिचा नवरा एलकाना, हफनी आणि फिनहास तिथे आहेत हे माहीत असूनही दरवर्षी येत राहिले, आणि देवाने तिची प्रार्थना त्याच अंगणात ऐकली. याचा अर्थ निमूट येत राहा असा मी काढत नाही. तिथे ‘सगळे लोक’ तक्रार करत होते हे वर आलंच आहे.

चारशे वर्षांनी अनाथोथच्या याजकांतलाच एक जण, यिर्मया, यरुशलेमच्या मंदिराच्या दाराशी उभा राहून ओरडला: शिलोला जाऊन या, माझ्या लोकांच्या दुष्टपणामुळे मी तिथे काय केलं ते बघा! हे घर तुम्हाला लुटारूंची गुहा वाटतं का? अब्याथारला जिथे धाडलं होतं त्याच गावचा हा माणूस. याजकांनी आणि संदेष्ट्यांनी त्याला मरणदंडच मागितला. ‘लुटारूंची गुहा’ हे शब्द पुढे येशूने सराफांचे चौरंग उलथताना त्याच जागी नव्याने उभारलेल्या मंदिराच्या अंगणात पुन्हा वापरले.

राहिला शमुवेल. शिलोत वाढलेला, लहानपणी रात्री तो निवाडा आपल्या कानांनी ऐकलेला. म्हातारपणी त्याने आपल्या मुलांना, योएल आणि अबीया यांना, बैर-शेब्यात न्यायाधीश नेमलं. त्यांनी लाच खाल्ली आणि न्याय विकला. लोक त्याच्याकडे आले आणि म्हणाले, तू म्हातारा झालास, तुझे मुलगे तुझ्या वाटेने चालत नाहीत, आम्हाला राजा दे. नंतर गिलगालला नव्या राजासमोर तो लोकांपुढे उभा राहिला आणि स्वतःचा हिशेब त्याने स्वतःच मागितला: मी कोणाचा बैल घेतला, कोणाचं गाढव घेतलं, कोणाला फसवलं, कोणाकडून लाच घेऊन डोळे झाकले? सांगा, मी परत करतो. लोक म्हणाले, तू कोणाचं काहीच घेतलं नाहीस. त्याच भाषणात, हिशेब मागण्याआधी, तो एक वाक्य ओझरतं बोलून जातो: मी आता म्हातारा झालो, केस पिकले, आणि माझे मुलगे इथे तुमच्यातच आहेत.